जोसेफ ब्लॅक व चुन्याचे कोडे

चुना ठाऊक नाही असा मनुष्य आमच्या शहापूर-मुरबाडकडे शोधूनही सापडावयाचा नाही. पानास लावतात तो चुना, तंबाखूबरोबर तळहातावर मळतात तो चुना, सणापूर्वी भिंतीस सफेती देतात तोही चुनाच. आमचा मुलूख काळ्या पत्थराचा; चुन्याच्या दगडाचे डोंगर येथे नाहीत. म्हणून नाल्याओढ्यांत सापडणारी चुनखडी किंवा समुद्रकाठचे शिंपले भट्टीत भाजून चुना करण्याची चाल कोकणात व देशावर फार जुनी आहे. सिमेंट येण्यापूर्वी वाडे, पूल, किल्ल्यांचे तट हे सर्व ह्याच चुन्याच्या बळावर उभे राहिले. शहापूर तालुक्यातील तानसा धरण सन १८९२ मध्ये पुरे झाले, तेही दगड व चुना ह्यांच्याच बांधणीचे आहे.

ह्या चुन्याचा एक चमत्कार आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनी पाहिला असेल. भट्टीतून निघालेला कळीचा चुना पाण्यात टाकला की खाली विस्तव नसताही पाणी खदखदू लागते, वाफा निघतात, आणि कठीण ढेकूळ फुगून त्याचे पीठ होते. तोच दगड भाजण्यापूर्वी पाण्यात टाकला तर काहीएक होत नाही. भाजलेला चुना जिभेस पोळतो, न भाजलेली चुनखडी पोळत नाही. मग भट्टीत त्या दगडास झाले तरी काय? ह्या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर जगास अठराव्या शतकापर्यंत ठाऊक नव्हते. ते ज्याने शोधून काढले त्या जोसेफ ब्लॅक ह्या थोर पुरुषाचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहो.

परंतु चरित्राकडे वळण्यापूर्वी एका शब्दाचा अर्थ पाहिला पाहिजे. वरच्या वर्गांतील विद्यार्थी रसायनशास्त्रात निस्तापन हा शब्द वाचतात. खनिज पदार्थ वितळू न देता, हवा न देता किंवा थोडीच देऊन, कडक तापवावयाचा आणि त्यातील उडून जाणारा अंश घालवावयाचा, ह्या क्रियेस हे नाव आहे. इंग्रजीत तिला कॅल्सिनेशन म्हणतात. हा शब्द कॅल्क्स ह्या लॅटिन शब्दापासून निघाला. कॅल्क्स म्हणजे चुना किंवा चुन्याचा दगड. तेव्हा कॅल्सिनेशन ह्याचा मूळ अर्थ चुना करणे एवढाच होय. ह्या शब्दाचा गोतावळाही मौजेचा आहे. लहान खड्यास लॅटिनमध्ये कॅल्क्युलस म्हणत. रोमन लोक खडे मांडून हिशेब करीत, म्हणून हिशेबास कॅल्क्युलेशन हे नाव पडले, आणि उच्च गणिताच्या एका शाखेसही कॅल्क्युलस म्हणू लागले. वैद्य लोक मुतखड्यासही कॅल्क्युलस म्हणतात. सन १८०८ मध्ये हंफ्री डेव्ही ह्यांनी चुन्यातून एक नवी धातू वेगळी केली, तिलाही त्याच कुळातले कॅल्शियम हे नाव मिळाले.

पुढे मध्ययुगातील किमयागारांनी हा शब्द सैल केला. जे जे आगीत घालून भुकटी होई, मग तो दगड असो की धातू, त्या सर्वांस ते कॅल्क्स म्हणू लागले. आमचे वैद्यही शंख, कवडी, लोह, ताम्र ह्या सर्वांची पुटे देऊन होणाऱ्या पदार्थास भस्म हे एकच नाव देतात. अशा रीतीने शब्द शेकडो वर्षे लोकांच्या तोंडी राहिला, भट्ट्या हजारो वर्षे धुमसत राहिल्या, पण आगीत काय घडते हे कोणी तपासून पाहिले नाही. नाव ठाऊक झाले म्हणजे वस्तू ठाऊक झाली, असे मनुष्यास नेहमीच वाटत असते.

जोसेफ ब्लॅक ह्यांचा जन्म १६ एप्रिल १७२८ रोजी फ्रान्स देशातील बोर्दो ह्या बंदराच्या शहरी झाला. त्यांचे वडील जॉन ब्लॅक हे मूळचे आयर्लंडातील बेलफास्ट शहरचे, स्कॉच कुळातले. बोर्दो येथे ते द्राक्षासवाचा व्यापार करीत. आईचे घराणेही स्कॉटलंडचे व त्याच व्यापारातले. कुटुंब मोठे होते, तरी मुलांस लिहावाचावयास आईनेच शिकविले. बारा वर्षांचे होईपर्यंत जोसेफची शाळा म्हणजे आईची मांडी. नंतर त्यांस बेलफास्ट येथे शाळेत धाडण्यात आले, व तेथून ते ग्लासगोच्या विद्यापीठात गेले.

वडिलांनी पोटापाण्याचा काही धंदा निवडण्यास सांगितल्यावरून त्यांनी वैद्यकी पत्करली. सुदैवाने त्याच वेळी, सन १७४७ मध्ये, विल्यम कलन ह्या विद्वान वैद्याने ग्लासगो येथे रसायनशास्त्रावर व्याख्याने देण्यास आरंभ केला. त्या काळी रसायनशास्त्र म्हणजे औषधे कुटण्याची एक कला असाच बहुतेकांचा समज होता. कलन ह्यांनी ते स्वतंत्र शास्त्र म्हणून शिकविले. तरुण ब्लॅक ह्यांची हुशारी व हाताची स्वच्छता पाहून गुरूंनी त्यांस आपल्या प्रयोगशाळेत साहाय्यक नेमले. सुमारे तीन वर्षे ते गुरूंच्या हाताखाली राबले.

पुढे वैद्यकीचा अभ्यास पुरा करण्यासाठी ते एडिंबरो येथे गेले. त्या दिवसांत मुतखड्याच्या विकाराने लोक फार गांजलेले असत. शस्त्रक्रिया करावी तर गुंगीचे औषध अजून निघालेले नव्हते. त्या यातनांची कल्पनाही करवत नाही. म्हणून खडा पोटातल्या पोटात विरघळविणारे औषध कोणी आणील तर लोक त्यास वाटेल ते द्यावयास तयार असत. जोआना स्टीफन्स नावाच्या एका बाईपाशी असे औषध असल्याचा बोलबाला झाला, तेव्हा इंग्लंडच्या पार्लमेंटाने ती कृती उघड करण्याबद्दल तिला पाच हजार पौंड मंजूर केले. पाहतात तो त्यात मुख्यत्वे अंड्यांची टरफले व गोगलगाईंचे कवच भाजून केलेली पूड आणि साबण! म्हणजे एका अर्थी तोही चुनाच.

तेव्हापासून चुन्याच्या निवळीने खडा विरघळेल काय, ह्याचा विचार एडिंबरोचे वैद्य करू लागले. तेथील दोन वजनदार अध्यापकांत ह्यावरून वाद माजला. रॉबर्ट व्हिट हे शिंपल्यांचा चुना श्रेष्ठ मानीत. चार्ल्स अल्स्टन दगडाच्या चुन्याचा पक्ष घेत. ब्लॅक हे अद्याप विद्यार्थी. पदवी मिळावयाची ती ह्याच विद्यापीठाकडून. एका अध्यापकाची बाजू घ्यावी तर दुसऱ्याचा रोष पदरी यावयाचा. अशा वेळी पुष्कळ तरुण मोठ्यांचे मत डोळे मिटून स्वीकारतात, किंवा वादात उडी घालून नाव मिळवू पाहतात. ब्लॅक ह्यांनी दोन्ही मार्ग सोडले. त्यांनी चुना तूर्त बाजूस ठेविला आणि त्याच्यासारखाच दुसरा एक पदार्थ हाती घेतला. हा पदार्थ म्हणजे पांढरा मॅग्नेशिया. जुलाबासाठी देतात त्या एप्समच्या मिठापासून तो तयार होत असे.

त्या काळचे मत असे होते की, भट्टीत दगडाच्या अंगी अग्नीचे सूक्ष्म कण शिरून बसतात. चुना पोळतो तो त्या कणांमुळे, आणि पाणी घातले की तेच कण बाहेर पडून पाणी तापवितात. हे मत मूर्खपणाचे होते असे कोणी समजू नये. पाण्यात उकळणारी कळी पाहून आम्हांसही प्रथम तेच सुचेल. ब्लॅक ह्यांनाही आरंभी ते खरे वाटत होते. परंतु त्यांच्या मनात एक विचार आला. अग्नीचे कण आत शिरत असतील तर भाजलेल्या पदार्थाचे वजन वाढले पाहिजे, निदान घटता तर कामा नये. ह्याचा निकाल तर्काने लागणार नाही; तो तराजूने लागेल.

त्यांनी मॅग्नेशिया तोलला, मुशीत घालून कडक तापविला, आणि पुन्हा तोलला. वजन वाढले तर नाहीच, उलट अर्ध्याहून अधिक घटले! पाण्याचे थोडे थेंब निघाले, पण एवढी मोठी तूट पाण्याने भरून निघण्यासारखी नव्हती. मग बाकीचे गेले कोठे? त्यांस आणखी एक गोष्ट दिसली. न भाजलेल्या मॅग्नेशियावर आम्ल घातले की तो फसफसतो. भाजलेल्यावर घातले तर तो निमूटपणे विरघळतो, फेस येत नाही. म्हणजे आम्लाने जे फसफसून बाहेर पडते, तेच आगीत आधी निघून गेलेले असले पाहिजे. फसफसून निघते ती तर हवा. तेव्हा दगडातून उडून जाणारा पदार्थ ही एक प्रकारची हवाच होय!

सन १७५४ मध्ये त्यांनी हे शोध आपल्या लॅटिन प्रबंधात मांडले व वैद्यकीची पदवी मिळविली. वय अवघे सव्वीस वर्षांचे. नंतर ते पुन्हा चुन्याकडे वळले. १७५५ मध्ये त्यांनी एडिंबरोच्या विद्वत्सभेपुढे निबंध वाचला, तो पुढील वर्षी छापून निघाला. त्यातील एक प्रयोग आमच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यांनी १२० ग्रेन खडू घेतला. ग्रेन हे औषधांचे बारीक वजन असून सुमारे पंधरा ग्रेनांचा एक ग्रॅम होतो. आणि हा खडू म्हणजे निसर्गात सापडणारी मऊ चुनखडी होय. तो पुरता भाजल्यावर चुना उरला ६८ ग्रेन. मग तो चुना त्यांनी सौम्य क्षाराच्या पाण्यात घातला. त्या क्षारात ही हवा बद्ध असते. चुन्याने ती क्षारापासून ओढून घेतली. तो धुऊन, वाळवून तोलला, तो ११८ ग्रेन भरला. आणि आता तो चुना नव्हता, पूर्वीसारखाच बेचव खडू होता! गेलेले वजन जवळजवळ सगळे परत आले. हिशेब चोख जुळला. आज आम्हांस ठाऊक आहे की, शुद्ध चुनखडीच्या १०० भागांतून ५६ भाग चुना राहतो व ४४ भाग वायू निघून जातो. साध्या तराजूने काढलेले ब्लॅक ह्यांचे उत्तर ह्याच्या किती जवळ आहे, हे मुलांनी स्वतः त्रैराशिक मांडून पाहावे.

अशा रीतीने जुने मत उलटे ठरले. चुना पोळतो तो त्यात काही शिरले म्हणून नव्हे, तर त्यातून काही गेले म्हणून. पोळणे हा चुन्याचा मूळ स्वभावच आहे. चुनखडीत तो ह्या हवेने शांत करून ठेविलेला असतो. घन पदार्थांत हवा कोंडलेली असते हे स्टीफन हेल्स ह्यांनी पूर्वीच दाखविले होते. ब्लॅक ह्यांनी तिला बद्ध हवा असे नाव दिले. आज आम्ही तिला कार्बन डायॉक्साइड म्हणतो. ही हवा आमच्या नेहमीच्या हवेहून निराळी आहे, हे त्यांनी ओळखले. तिच्यात दिवा विझतो, प्राणी गुदमरतो, आणि तिने चुन्याची निवळी दुधासारखी पांढरी होते. मनुष्याच्या श्वासाने, कोळसा जळल्याने व द्राक्षरस आंबल्यानेही निवळी पांढरी होते, हे त्यांनी दाखविले.

ह्याविषयी त्यांच्या एका शिष्याने लिहून ठेविलेली गोष्ट आमच्या वाचकांस आवडेल. एका हिवाळ्यात ग्लासगोच्या एका मंदिरात पंधराशेहून अधिक लोक सुमारे दहा तास उपासनेस बसले होते. छतास हवा जाण्यासाठी छिद्रे होती. त्यांपैकी एकावर ब्लॅक ह्यांनी चिंध्यांतून दाहक क्षाराचे पाणी हळूहळू झिरपत राहील अशी योजना केली. उपासना संपेपर्यंत तो दाहक क्षार सौम्य झालेला आढळला. लोकांच्या श्वासातील बद्ध हवा त्याने शोषून घेतली होती. भट्टीतील दगड आणि मंदिरात स्तोत्र गाणारा मनुष्य, ह्या दोहोंतून एकच वायू निघतो, हे कोणाच्या स्वप्नी तरी आले असते काय?

आता कोणी विचारील की, चुना भाजला तर वजन घटते, पण लोखंड किंवा शिसे भाजून त्याचे भस्म केले तर वजन वाढते, हे कसे? प्रश्न योग्य आहे. एकाच शब्दाखाली दोन निराळ्या क्रिया दडून बसल्या होत्या, हीच तर अडचण होती. चुनखडीतून वायू जातो; धातू मात्र हवेतील एक वायू घेते. हा दुसरा अर्धा भाग फ्रान्समधील लाव्हाझिए ह्यांनी उलगडला व त्या वायूस ऑक्सिजन हे नाव दिले. तेही तराजूचेच भक्त होते, आणि ब्लॅक ह्यांस ते फार मान देत. म्हणून आज आम्ही धातुके हवेत तापविण्यास भाजणे म्हणतो, आणि चुनखडीसारख्यांतून वायू घालविण्यास निस्तापन म्हणतो. एका जुन्या शब्दाचे दोन स्वच्छ अर्थ झाले, ते तराजूमुळे.

सन १७५६ मध्ये कलन एडिंबरोस गेले व त्यांच्या जागी ब्लॅक ह्यांची ग्लासगो येथे नेमणूक झाली. तेथील दहा वर्षांत त्यांनी उष्णतेविषयी मोठे शोध लाविले. बर्फ वितळत असता त्यास कितीही उष्णता दिली तरी, तो सगळा वितळेपर्यंत, तापमापकातील पारा जागचा हलत नाही. ती उष्णता नाहीशी होत नाही, लपते, असे त्यांनी मोजून दाखविले. तिलाच अप्रकट उष्णता म्हणतात. चुन्याच्या प्रयोगात न दिसणारी हवा त्यांनी हिशेबात धरली, येथे न दिसणारी उष्णता धरली, दृष्टी एकच. त्याच विद्यापीठात जेम्स वॉट नावाचा एक तरुण कारागीर उपकरणे दुरुस्त करीत असे. वाफेच्या यंत्राची खटपट त्याने चालविली, तेव्हा ब्लॅक ह्यांनी त्यास ज्ञानाने व पैशानेही साहाय्य केले. १७६५ मध्ये वॉट ह्यास आपली प्रसिद्ध युक्ती सुचली, आणि पुढे त्या यंत्राने जगाचे रूप पालटले.

सन १७६६ पासून ब्लॅक एडिंबरो येथे रसायनशास्त्राचे अध्यापक झाले व तेथेच त्यांनी उर्वरित आयुष्य घालविले. त्यांची व्याख्याने ऐकावयास युरोप व अमेरिकेतून विद्यार्थी येत. आवाज मंद, पण प्रत्येक शब्द स्पष्ट. प्रयोग करताना पात्रातून पात्रात द्रव ओतीत तो थेंबही सांडत नसे. प्रकृती लहानपणापासून नाजूक, म्हणून आहारविहार अत्यंत नियमित. त्यांनी लग्न केले नाही. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ व भूगर्भशास्त्रज्ञ जेम्स हटन हे त्यांचे जिवलग मित्र होते.

थोर पुरुषाचे दोष झाकणे हे चरित्रकाराचे काम नव्हे. ब्लॅक ह्यांस लिहिण्याचा व छापण्याचा मोठा कंटाळा होता. अप्रकट उष्णतेचा शोध त्यांनी वर्गात शिकविला, पण हयातीत कधी छापला नाही. त्यांची व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर, १८०३ मध्ये, त्यांचे शिष्य जॉन रॉबिसन ह्यांनी प्रसिद्ध केली. ज्ञान मिळविणे जेवढे महत्त्वाचे, तेवढेच ते सर्वांच्या हाती देणेही महत्त्वाचे आहे. ह्या बाबतीत त्यांचे उदाहरण आमच्या मुलांनी घेऊ नये. परंतु दुसऱ्या एका बाबतीत अवश्य घ्यावे. ज्वलनासंबंधीचे जे जुने मत त्यांनी अनेक वर्षे शिकविले होते, ते लाव्हाझिए ह्यांनी चुकीचे ठरविले, तेव्हा वयाची साठी उलटल्यावर त्यांनी नवे मत पत्करले व तेच विद्यार्थ्यांस सांगितले. अध्यापकास ही गोष्ट किती अवघड असते, हे आम्ही अनुभवाने जाणतो.

सन १७९९ च्या हिवाळ्यात, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. दुधाचा पेला मांडीवर धरून ते खुर्चीत बसले असता प्राण गेला, आणि पेल्यातील दूध सांडलेसुद्धा नाही, असे सांगतात. जसे त्यांचे आयुष्य, तसाच त्यांचा अंत. एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स स्मशानभूमीत त्यांस चिरविश्रांती देण्यात आली.

हे चरित्र आमच्या खेडेगावांपासून दूरचे आहे असे कोणास वाटेल, तर ते तसे नाही. उन्हाळ्यात जुन्या विहिरी उपसावयास लोक उतरतात. ब्लॅक ह्यांची बद्ध हवा साध्या हवेहून जड असल्यामुळे अशा खोल जागी साठून राहते, आणि उतरणारा बेशुद्ध पडून जिवास मुकतो. त्यास काढावयास गेलेला दुसराही पुष्कळदा परत येत नाही. म्हणून विहिरीत आधी दिवा सोडून पाहण्याची रीत पडली. दिवा विझला तर पाऊल टाकू नये. पण दिवा जळत राहिला म्हणून निर्धास्तही होऊ नये, कारण दिवा न विझविणारे दुसरे विषारी वायू असतात. जाणत्या माणसावाचून व साधनांवाचून उतरूच नये. मुलांनी एवढे घरी सांगितले तरी ह्या लेखाचे सार्थक झाले. तसेच आज जगात जे सिमेंट होते, तेही चुनखडी भाजूनच. मनुष्याच्या उद्योगांतून जो कार्बन डायॉक्साइड हवेत जातो, त्यातील शेकडा सात-आठ भाग ह्या एका धंद्यातून निघतो, आणि त्याचा अर्ध्याहून अधिक अंश खुद्द दगडातून येतो. पृथ्वीच्या वाढत्या उष्म्याच्या हिशेबात ब्लॅक ह्यांचे ६८ ग्रेन व ५२ ग्रेन आजही मांडावे लागतात.

विद्यार्थ्यांनो, घरच्या चुन्याची थोडी निवळी काचेच्या पेल्यात घ्या, आणि नळीने तिच्यात हलकेच श्वास सोडा. ती तोंडात मात्र ओढू नका, डोळ्यास लावू नका. ती पांढरी होईल. तीत तुमचाच श्वास चुनखडी होऊन बसलेला दिसेल. ती पाहताना ह्या शांत, सावध पुरुषाची आठवण करा. त्यापाशी मोठी यंत्रे नव्हती. एक मूस, एक तराजू आणि मोठ्यांच्या मताहून तराजूच्या काट्यास अधिक मानण्याचे धैर्य, एवढ्या भांडवलावर त्याने हजारो वर्षांचे कोडे सोडविले. शब्द पाठ करणे सोपे आहे. त्या शब्दामागची वस्तू तोलून पाहणे हीच विद्या.